विलायती मेहुण

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या नसत्या, तर श्रीनिवासरावांच्या नोकरीचं पुढे जे झालं ते झालं नसतं. पण बाळंतपण काही कुणाच्या उद्यापनासाठी थांबत नाही. काकू गेल्या. स्वतःच्या हाताने चहासुद्धा येत नाही म्हणून काकाही त्यांच्या मागोमाग गेले, आणि वासंतीच्या सोळा सोमवारांच्या उद्यापनाला ऐन वेळी एक मेहुण कमी पडलं.

हे सोळा सोमवार वासंतीने धरले होते ते नवऱ्याच्या नोकरीसाठी. श्रीनिवासराव पिंपरीकडच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये कारकून होते. पानशेतचा पूर आला त्याच्या आदल्या वर्षी ते तिथे लागले. पूर आला, ओसरला, पडलेली घरं पुन्हा उभी राहिली, सगळं पुणं पूर्वपदावर आलं, पण श्रीनिवासराव काही ‘टेम्पररी’वरून हलले नाहीत. दर सहा महिन्यांनी त्यांची नोकरी संपायची आणि दोन दिवस मधे सोडून पुन्हा चालू व्हायची. त्या मधल्या दोन दिवसांत ते खुर्चीत असा चेहरा करून बसत, की दूधवालाही घंटी न वाजवता दूध घालून जाई. या खेपेला मात्र कारखान्याने ठरवलं होतं, की टेम्पररी लोकांपैकी काहींना कायम करायचं आणि बाकीच्यांना नारळ द्यायचा. नारळ कुणाला आणि नोकरी कुणाला, हे ठरवणार होते विलायतेहून आलेले ड्रेपरसाहेब.

वासंतीने शंकराजवळ तेवढंच मागितलं होतं. “ह्यांची नोकरी कायम होऊ दे.” बंगला नको, गाडी नको. देवाला फार लांबलचक सांगितलेलं तिला आवडत नसे. त्याच्याकडे इतरही लोक येतात.

सोळावा सोमवार पार पडला. पुढच्या सोमवारी संध्याकाळी उद्यापन. दोन मेहुणं जेवायला घालायची असं ठरलं होतं, कारण घरात पाट मांडायला जागा तेवढीच. एक मेहुण म्हणजे वासंतीचा लोणी काळभोरचा भाऊ संभाजी आणि त्याची बायको शालू. दुसरं नागपूरला बारशाच्या तयारीत.

“अहो,” वासंती म्हणाली, “साहेबांना बोलवलं तर?”

“कशाला?”

“मेहुण म्हणून.”

श्रीनिवासराव आरशासमोर मिशी कातरत होते. (ती त्या दिवसापासून डावीकडे जराशी आखूड आहे.)

“अगं, ड्रेपरसाहेब म्हणजे काय मेहुण आहे?”

“नवरा-बायको आहेत ना?”

“आहेत.”

“लग्न झालंय ना?”

“झालं असेल. चर्चमध्ये.”

“म्हणजे देवासमोरच झालं की.”

श्रीनिवासरावांनी कात्री खाली ठेवली. वासंती कधी भांडत नसे, आवाज चढवत नसे. ती फक्त आशेने बघत राही, आणि त्या बघण्यापुढे माणसाचं काही चालत नसे. दुसऱ्या दिवशी श्रीनिवासरावांनी घाबरत घाबरत साहेबांना विचारलं. भारतीय घरात एकदा तरी जेवायचं, अशी साहेबांच्या बाईंची केव्हापासूनची इच्छा होती. साहेब लगेच हो म्हणाले.

आता खरी अडचण पुढे आली. मेहुण बोलवलं म्हणजे नुसतं जेवायला वाढून चालत नाही. आग्रह करावा लागतो. वासंतीची आई सांगायची, मेहुण अर्धपोटी उठलं तर व्रतही अर्धंच राहतं. आणि पोटभर जेवलं हे ओळखायचं कसं? तर पानावर बसून माणसाने तृप्तीचा ढेकर दिला, की समजायचं, देवाला पोचलं. तोवर वाढणाऱ्याने हात आखडता घ्यायचा नाही. लोणीला आईच्या हातचं जेवून ढेकर न देता कुणी उठलेलं वासंतीने पाहिलं नव्हतं.

पण साहेबांना आग्रह करायचा तो इंग्रजीत. श्रीनिवासरावांवर हे सोपवण्यात अर्थ नव्हता. साहेबांसमोर त्यांच्या तोंडून ‘येस सर’पलीकडे काही येत नसे. जेवायला वाढताना ‘येस सर’ काय कामाचं? म्हणून वासंती तळमजल्यावरच्या प्रेमलाताईंकडे गेली. प्रेमलाताई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, “वह्या तपासून वेळ उरला नाही.”

“तुम्हाला नक्की म्हणायचंय काय, वासंतीबाई?”

“जेवत राहा, थांबू नका, हे अजून घ्या, आता ते घ्या. एवढंच.”

“एवढंच! अहो, चालू ठेवायचं म्हटलं तर इंग्रजीत शब्दांची रांग लागते. कॅरी ऑन आहे, गो ऑन आहे, कीप ऑन आहे. आणि नुसता शब्द घेऊन भागत नाही. त्याच्या शेपटाला विथ लावायचा, टू लावायचा, की काहीच लावायचं नाही, यात माझ्या मॅट्रिकच्या मुली दरवर्षी बुडतात.”

“तुम्ही सांगा. मी लक्षात ठेवीन.”

प्रेमलाताईंनी चष्मा चढवला. “ऐका तर. साहेब बटाट्याची भाजी खातायत. तीच आणखी खायला सांगायची, तर ‘कॅरी ऑन विथ’ बटाट्याची भाजी. किंवा ‘गो ऑन विथ’. हातात आहे तेच पुढे चालवायचं असेल तर विथ. कळलं?”

“कळलं.”

“आता भाजी संपली, पुरीवर जायचंय. इथे विथ चालत नाही. इथे ‘गो ऑन टू’. एक सोडून पुढचं धरायचं, म्हणजे टू. आणि ‘कीप ऑन’ म्हणालात, तर विथ नाही न् टू नाही. सरळ ‘कीप ऑन ईटिंग’. खातच राहा.”

वासंतीने बोटांवर काहीतरी मोजलं. मग तिचा चेहरा उजळला.

“म्हणजे पत्रीसारखंच आहे की हे.”

“कसली पत्री?”

“पूजेची. गणपतीला दूर्वा, शंकराला बेल, विष्णूला तुळस. ज्याचं त्याला वाहायचं. कॅरी ऑनला विथ वाहायचा. गो ऑनला दोन्ही चालतात, पण वेळ बघून. कीप ऑन आपलं सोवळ्यातलं, त्याला मधे कुणी शिवायचं नाही.”

प्रेमलाताईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. “इतकी वर्षं मी पोरींना पट्टी मारून शिकवलं,” त्या म्हणाल्या. “पत्रीने शिकवायला हवं होतं.”

वासंतीने मग प्रेमलाताईंना आणखी एक विचारलं. “‘कीप ऑन ॲट’ असंही काहीतरी तुम्ही एकदा मुलींना सांगताना ऐकलं होतं.”

“ते जेवणाचं नाही. ते एखाद्याच्या मागे लागण्याचं, त्याला भंडावून सोडण्याचं. ते घरच्या माणसांसाठी ठेवा.”

“आणि ‘पुरे’ला काय म्हणतात?”

“ते तुम्हाला कशाला हवंय? पंगतीत वाढणारा कधी पुरे म्हणतो का?”

हे वासंतीला पटलं. म्हणून थांबण्याचा एकही शब्द न शिकता ती जिना चढून वर आली.

त्या आठवड्यात श्रीनिवासराव रोज इंग्रजीत जेवले. आमटीत भात कालवला, की कानावर येई, “प्लीज कॅरी ऑन विथ आमटी.” आमटी संपते न संपते तोच, “नाऊ गो ऑन टू ताक.” ते हात धुवायला उठू लागले, की “कीप ऑन ईटिंग.” वासंतीचं एकही चुकत नसे. श्रीनिवासरावांचा पट्टा मात्र एक भोक पुढे सरकला. त्यांना मनातून वाटत होतं, की हे सगळं साहेबांना आवडणार नाही. पण वासंती भक्तिभावाने पाठ करत होती, आणि शेवटी ते त्यांच्याच नोकरीसाठी चाललं होतं. तेव्हा बोलायचं कुणाला?

सोमवारी सकाळीच संभाजी आणि शालू लोणीहून आले. संभाजीच्या खांद्यावर ओल्या वाटाण्याचं पोतं होतं आणि काखेत ऊस. धिप्पाड माणूस. लग्नाच्या पंगतीत तो बसला, की आचारी आधी त्याच्याकडे बघत आणि मग पातेल्याकडे.

“वासे, सायेब येनार हाय म्हनं?”

“हो दादा. तुझ्याच शेजारी बसणार आहेत. नीट वाग हं.”

“आगं, नीटच वागनार. पर एक हाय. विंग्रज गेला तवा मी मळ्यात पानी धरत हुतो. त्येच्यासंगं दोन हात करायचं ऱ्हाऊनच गेलं.”

“दादा, ते जेवायला येतायत.”

“मंग मी तरी दुसरं काय म्हनतो?”

वासंतीला हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण तिचं लक्ष चुरम्यात होतं. गव्हाच्या पिठाचे मुटके तळून, कुटून, त्यात गूळ आणि तूप घालून ती परात भरून चुरमा करत होती, आणि प्रत्येक मुठीला मनात म्हणत होती, कायम होऊ दे, कायम होऊ दे.

संध्याकाळी दिवेलागणीला कारखान्याची गाडी दारात आली. सगळी इमारत कठड्याला लागली. ड्रेपरसाहेब उंच, गोरेपान, अतिशय सभ्य माणूस. जिन्यात भेटेल त्या प्रत्येकाला ते ‘गुड ईव्हनिंग’ म्हणत आले, त्यात कठड्याला वाळत घातलेल्या धोतराआड उभ्या असलेल्या आजोबांनाही म्हणाले. ड्रेपरबाई ठेंगण्या, हसऱ्या. वासंतीने त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली. नारळ कुशीत घेऊन त्या तान्ह्या बाळाकडे बघावं तशा त्याच्याकडे बघत राहिल्या.

पाट मांडले होते. ओळीने केळीची चार पानं. एका टोकाला शालू, मग ड्रेपरबाई, मग साहेब, आणि शेवटी संभाजी. साहेब पाटावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानांशी आले. पण ते हसून म्हणाले, “व्हेरी कम्फर्टेबल.” श्रीनिवासराव म्हणाले, “येस सर.”

प्रेमलाताई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. वासंती कुठे अडली तर मागून सांगायचं, असं ठरलं होतं.

सुरुवात छान झाली. चटणी, कोशिंबीर, भाजी, वाटाण्याची उसळ, पुऱ्या. साहेबांना हाताने कसं जेवायचं ते माहीत नव्हतं. त्यांनी शेजारी बघितलं. संभाजीने पुरीचा तुकडा मोडला, साहेबांनी मोडला. संभाजीने उसळ गोळा केली, साहेबांनी केली. परक्या देशात शेजाऱ्याकडे बघून वागावं, ही त्यांची रीत. रीत चांगलीच होती. शेजारी चुकला होता.

कारण संभाजीला वाटलं, साहेब आपल्यावर नजर ठेवून आहेत. आपण खातो तेवढंच ते खातायत, जराही मागे राहत नाहीत. म्हणजे सुरू झालं. त्याने धोतर सैल केलं आणि म्हणाला, “वासे, येऊं दे पुऱ्या.”

त्याच्या पानात चार पुऱ्या पडल्या. साहेबांनी ते पाहिलं. वासंती परात घेऊन पुढे आली, पदर सावरला, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “प्लीज गो ऑन विथ पुरी.”

साहेबांच्या भुवया वर गेल्या. स्टोअर्सच्या कारकुनाच्या घरी इतकं बिनचूक इंग्रजी! “थँक यू,” ते म्हणाले. चार पुऱ्या. दाराशी प्रेमलाताईंचा ऊर भरून आला.

“कॅरी ऑन विथ बटाटा.” थँक यू. “कॅरी ऑन विथ उसळ.” थँक यू. साहेबांना लहानपणापासून शिकवलेलं होतं, की पानात अन्न टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान. म्हणून ते पान चाटूनपुसून स्वच्छ करत. आणि वासंतीला लहानपणापासून शिकवलेलं होतं, की पाहुण्याचं पान रिकामं दिसणं म्हणजे यजमानाची लाज. म्हणून ते रिकामं झालं की ती भरत असे. दोघंही आपापल्या आईचं ऐकत होती.

एवढ्यात संभाजीने पहिला ढेकर दिला. इमारत हलावी असा. कठड्यावरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. वासंतीने समाधानाने देवाकडे बघितलं: एक मेहुण अर्धं तरी पोचलं. साहेब मात्र दचकले. ड्रेपरबाईंच्या हातातली पुरी तशीच राहिली. साहेबांनी नम्रपणे भिंतीकडे नजर वळवली, जणू काही झालंच नाही, आणि मनाशी ठरवलं असावं, की काहीही होवो, आपल्याकडून हे होता कामा नये.

आता बघा. इकडे वासंती साहेबांच्या ढेकराची वाट बघतेय आणि तिकडे साहेब तो दाबून धरतायत.

शालूचं आणि ड्रेपरबाईंचं बरं चाललं होतं. शालूने दुसऱ्या वाढपालाच पानावर आडवा हात धरला आणि म्हणाली, “नगं वन्सं, लई झालं.” ड्रेपरबाईंनी ते बघून हुबेहूब तसाच हात धरला आणि हसल्या. मग त्यांना पाणी पिताना बारीकसा उचकीवजा ढेकर आला. वासंतीला तेवढा पुरला. बायकांचं मेहुणातलं माप लहानच असतं.

पण साहेब संभाजीकडे बघत होते, आणि संभाजीने जन्मात कधी पानावर हात धरला नव्हता.

“नाऊ गो ऑन टू मसालेभात.” साहेबांनी घेतला. संभाजीने दोनदा घेतला. साहेबांनी दोनदा घेतला. वर तुपाची धार. “कॅरी ऑन विथ मसालेभात.” साहेबांची कॉलर ओली झाली. “थँक यू,” ते म्हणाले, पण आवाज जरा खोलातून आला.

“अगं, पुरे कर,” श्रीनिवासराव स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले. “साहेबांचा रंग बघ.”

“लाल आहे.”

“मघाशी गोरा होता!”

“तिखट लागलं असेल. गोड वाढते.”

“अगं, पण ते घेतायत म्हणजे...”

“तेच म्हणते मी. नको असतं तर नको म्हणाले असते. किमान तीनदा तरी माणूस नको म्हणतो. ते एकदाही म्हणाले नाहीत. भूक असणार, अहो. परदेशात दोघांनीच राहायचं, कोण वाढतं त्यांना?”

श्रीनिवासरावांनी प्रेमलाताईंकडे मदतीच्या आशेने पाहिलं. प्रेमलाताईंचे डोळे पाणावले होते. “मसालेभाताला टू लावला,” त्या म्हणाल्या. “न सांगता लावला.”

मग चुरमा आला. हाच खरा प्रसाद. वासंतीने साहेबांच्या पानात मूठभर वाढला आणि हात जोडून म्हणाली, “नाऊ गो ऑन टू चुरमा.” संभाजीने एव्हाना दोन मुठी संपवल्या होत्या. पण त्याचाही घास आता सावकाश फिरत होता, कपाळावर घाम डवरला होता. तो साहेबांकडे तिरका बघे, साहेब त्याच्याकडे तिरके बघत. पंगतीतून एकट्याने उठायचं नाही हे संभाजीला माहीत होतं, आणि शेजारी उठेपर्यंत उठायचं नाही हे साहेबांनी ठरवलं होतं. श्रीनिवासरावांना दिसत होतं, की या दोघांना आता देवच उठवील.

“सायेब दमदार हाय,” संभाजी हळूच म्हणाला. “येवढं आमच्यात कुनी खाल्लं नसतं.”

“कीप ऑन ईटिंग,” वासंती म्हणाली. तिच्या आवाजात आता थोडी काळजी होती. साहेबांनी ढेकर दिला नाही तर? व्रत अर्धं राहिलं तर? नोकरी अर्धी राहिली तर? नोकरी तर आधीच अर्धी होती! तिने चुरम्याची आणखी एक मूठ वाढली, त्यावर तूप सोडलं आणि डोळे मिटून मनात शंकराला म्हणाली, देवा, आता तूच.

साहेबांनी तो घास उचलला. तोंडात घातला. गिळला. आणि मग थांबले. त्यांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पोटावर हात ठेवला, भिंतीकडे बघितलं, छताकडे बघितलं.

आणि आला.

तो संभाजीसारखा नव्हता. आत खूप वेळ कोंडून ठेवलेला, म्हणून लांब, हळूहळू वर चढत जाणारा, शेवटी गाडीच्या भोंग्यासारखा. कठड्यावरची मुलंसुद्धा गप्प झाली.

“ओ माय गॉड,” साहेब म्हणाले. “आय ॲम सो सॉरी. आय ॲम टेरिबली...”

पण त्यांना पुढे बोलू कोण देतो? “पावलं!” संभाजी ओरडला, आणि सलामी म्हणून त्यानेही एक दिला. वासंतीने परात खाली ठेवली, पदर घेतला आणि साहेबांच्या आणि ड्रेपरबाईंच्या पायाशी वाकून नमस्कार केला. मेहुणाला शंकर-पार्वती समजून नमस्कार करायचा असतो. तिच्या मागून श्रीनिवासराव वाकले. (त्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून वाकले.) बघता बघता कठड्यावरच्या दोन आज्याही आत येऊन वाकल्या. साहेबांनी आयुष्यात केलेल्या सर्वांत लाजिरवाण्या गोष्टीला लोक रांग लावून नमस्कार करत होते. ते दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले.

गाडीपर्यंत त्यांना संभाजीने हात धरून नेलं. “परत या, सायेब,” तो म्हणाला. “आवंदा हुरडा करू.”

मंगळवारी साहेब कारखान्यात आले नाहीत. बुधवारीही नाहीत. गुरुवारी आले, पण जिन्यात श्रीनिवासराव दिसताच उलटे फिरले आणि कामगारांच्या दाराने गेले. श्रीनिवासराव घरी येऊन खुर्चीत बसले. दूधवाला मांजराच्या पावलाने दूध घालून गेला.

“गेली,” ते म्हणाले.

“कोण?”

“नोकरी. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. मी दिसलो की त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल होतात.”

“पण त्यांचा ढेकर तर आला होता,” वासंती म्हणाली. “देवाला पोचलं. मी स्वतः ऐकलं.”

“अख्ख्या पेठेने ऐकलं!”

वासंती सकाळी दिवा लावी, शंकराच्या पिंडीवर बेल वाही आणि आशेने बघत राही. आपल्या हातून काही चुकलं असं तिला वाटत नव्हतं. कुठल्याही देवाला चुकीची पत्री वाहिलेली नव्हती.

शनिवारी श्रीनिवासराव नेहमीपेक्षा लवकर आले. दारात उभे राहिले. बूट काढायचंही भान नव्हतं.

“झाली,” ते म्हणाले.

“काय झाली?”

“कायम.”

वासंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आधी देवाजवळ धावली, मग प्रेमलाताईंना हाक मारायला जिन्यात आली. प्रेमलाताई वर आल्या, हातात तपासायच्या वह्या तशाच. वासंतीने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मग श्रीनिवासरावांच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. कायम झालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

“मग आनंद का नाही होत तुम्हाला?”

“होतोय ना. हेडक्लार्कने आत बोलावून सांगितलं. म्हणाला, साहेब तुमच्यावर फार खूश आहेत. तुमच्या कुटुंबावर तर अधिकच. म्हणाले, असा प्रामाणिक माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही, कायम करा. पण साहेबांनी आधी हेडक्लार्कला एक प्रश्न विचारला.”

“काय?”

“आपल्या कारखान्याच्या अशा कुठल्या जागी मला कधीच जावं लागत नाही?”

प्रेमलाताईंनी वह्या खाली ठेवल्या.

“आणि हेडक्लार्क काय म्हणाला?” त्यांनी विचारलं.

“वाघोलीचं गोडाऊन.”

वाघोली! नगर रस्त्याला, गावाबाहेर पार. पिंपरी एका टोकाला, वाघोली दुसऱ्या. कारखान्याची बस घराच्या कोपऱ्यावर यायची. वाघोलीला जायचं तर पहाटे उठून आधी शहरातून एक बस आणि पुढे एस.टी., तीही आली तर. आपण काय मागितलं होतं, ते वासंतीने नीट आठवून बघितलं. नोकरी कायम होऊ दे, एवढंच. कुठे, ते तिने सांगितलं नव्हतं. शंकराला पुण्याचा भूगोल ठाऊक असेल असं ती धरून चालली होती.

सोमवारी श्रीनिवासराव अंधार असतानाच उठले. वासंतीने त्यांच्या डब्यात पोळ्या भरल्या, बाजूला चुरम्याचा एक लाडू ठेवला. ते बूट घालत होते तेव्हा ती दाराशी येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर तीच आशा.

“लांब असलं म्हणून काय झालं?” ती म्हणाली. “कायम आहे ना?”

“हो,” श्रीनिवासराव नाडी बांधत म्हणाले. “कायमचं लांब आहे.”